बिनधुराचा कारखाना

डॉक्टरांनी माझ्या छातीला नळी लावली, डोळे मिटले आणि बराच वेळ ते उघडलेच नाहीत. माझ्या छातीत काय ऐकू येत होतं कोण जाणे, पण त्यांच्या चेहऱ्यावरून ते बरं नसावं. शेवटी नळी काढून ते म्हणाले, "रजा घ्या. तीन महिने."

"तीन महिने मी करू काय?"

"काही करू नका. तेच औषध आहे."

सरकारी नोकराला काही न करण्याची सवय असते, असा लोकांचा समज आहे. मी खडकीच्या बाजूला एका सरकारी भांडारात हेडक्लार्क आहे, म्हणून अधिकारानं सांगतो की तो समज खोटा आहे. कचेरीत काही न करणं वेगळं. तिथं पुढ्यात टेबल असतं, टेबलावर कागद असतात, आणि आपण काही करत नाही आहोत हे निदान कोणाला दिसत नाही. घरात खाटेवर पडून काही न करणारा माणूस रस्त्यावरून स्पष्ट दिसतो.

आणि आमचं घर तर रस्त्याला लागूनच. कासारवाडीत मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला तात्याबा या शेतकऱ्यानं भाड्यानं द्यायला खोल्यांची एक ओळ बांधली होती. तिच्या एका टोकाला आम्ही दोघं, म्हणजे मी आणि कौशल्या. कुसुमचं, आमच्या एकुलत्या मुलीचं, लग्न होऊन ती साताऱ्याला गेलेली. आमच्या शेजारी दौलतराव. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून त्यांचं टपाल बंद झालं होतं, सल्ला मात्र घरपोच चालू होता.

"पहाटे उठून देहूपर्यंत चालत जा," दौलतराव म्हणाले.

"छातीचं दुखणं आहे ना त्यांचं? चालायचं कसलं!" त्यांच्या पत्नी शालनबाई म्हणाल्या. "बसून पोथी वाचा."

घरमालक तात्याबांनी फार विचार केला. "वांगी लावा," ते म्हणाले. "माझ्या मळ्यात. पानी तुमी घाला. वांगी आमी खाऊ. तुमाला वातूळ."

मी सर्वांचे आभार मानले आणि खाटेवर पडून राहिलो. दोन दिवसांनी सकाळी मला आतून हुंदक्यासारखा आवाज आला. मी उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. कौशल्या चुलीपुढं बसली होती. डोळे लाल, गालांवरून पाणी वाहतंय, पदराचं टोक नाकाला. मला एकदम भरून आलं. माझ्या दुखण्यानं ही इतकी खचली असेल, आणि मला कधी बोललीसुद्धा नाही! मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"अगं, मला काही होत नाही. धीर धर."

ती खोकत म्हणाली, "तुम्हाला काय व्हायचंय? ओलं लाकूड आहे. सरका बाजूला, भाकरी करपेल."

मी बाजूला सरकलो. पण मनातून हललो होतो. पंचवीस वर्षं मी सकाळी डबा घेऊन सायकलवर टांग टाकत होतो. तो डबा कसल्या ढगातून बाहेर येतो, हे मी दिवसाउजेडी कधी पाहिलंच नव्हतं. शिवाय ती माझ्यासाठी रडत नव्हती, हेही कुठंतरी लागलं होतंच. मी ठरवलं की या रजेत एकच काम करायचं, घरातला धूर घालवायचा.

योगायोगानं त्याच आठवड्यात आमच्या भागाचे ग्रामसेवक ज्योतीराम आले. सरकारच्या विकास योजनेतला हा उत्साही तरुण सायकलवरून गावोगाव हिंडून खतांचे खड्डे, शोषखड्डे आणि बिनधुराच्या चुली यांची माहिती देत असे. त्यांनी काठीनं अंगणातल्या मातीत चित्र काढलं. "इथं जाळ. इथनं धूर भिंतीच्या आत शिरला. इथनं पाइपात, पाइपातनं वर. घरात थेंबभर धूर नाही!" धूर थेंबात मोजतात का, हे विचारायचं मी टाळलं. ते घाईत होते. भोसरीला खड्डा बघायचा होता.

चुलीला माती लागते. मातीत भुसा आणि घोड्याची लीद लागते, म्हणजे ती तडकत नाही, असं ज्योतीराम सांगून गेले होते. म्हणून हेडक्लार्क उद्धवराव, वय वर्षं अठ्ठेचाळीस, कोट-टोपी घालून बादली हातात घेऊन नाशिक फाट्याशी टांग्यांच्या मागं उभे राहिले. आणि नेमका तिथंच आमच्या कचेरीचा शिपाई चिमाजी सायकलवरून उतरला.

"सायेब! तुमी? तब्येत कशी हाय?"

"बरी आहे."

"काय शोधताय?"

एकदा बादलीत डोकावल्यावर हा प्रश्न विचारायची गरज नव्हती. तरी त्यानं विचारला. मी म्हणालो, "लीद."

चिमाजीनं मान हलवली, मला नमस्कार केला आणि सायकल हातात धरून बऱ्याच अंतरापर्यंत चालत गेला. आजाऱ्याच्या घरातून निघताना माणूस चालतो तसा. कचेरीत काय पसरलं ते मला नंतर कळलं. साहेबांच्या कानावर गेलं की उद्धवरावांच्या छातीचं म्हणत होते, पण ते थोडं वर सरकलेलं दिसतंय.

चूल झाली. आता धुराडं छपरातून बाहेर काढायचं होतं. तात्याबांनी स्वच्छ नाही म्हटलं. "माझ्या कौलाला हात लावायचा न्हाई. भोक पाडायचं आसंल तर सोताच्या घराला पाडा." मी विज्ञान सांगितलं, सरकारी योजना सांगितली. उपयोग झाला नाही. त्यांची पत्नी सगुणाबाई तेवढ्यात शेण घेऊन आली, तिनं नवी चूल वाकून पाहिली आणि नवऱ्याला विचारलं, "ह्याच्यात धूर हुत न्हाई?"

"न्हाई म्हनत्यात."

"मग आपल्यात कदी?"

तात्याबांनी वर कौलाकडं पाहिलं. मग म्हणाले, "एकच कौल काडा. जपून."

घासलेटच्या रिकाम्या डब्यांचा पाइप करून घेतला, तो कौलातून बाहेर काढला, आणि शुभ दिवस पाहून कौशल्यानं चूल पेटवली. मी तिच्याजवळ बसलो होतो. जाळ झाला. धूर भिंतीत शिरला. आम्ही एकमेकांकडं पाहिलं. घरात खरोखर धूर नव्हता!

तेवढ्यात शेजारून शालनबाईंची किंकाळी आली.

आमच्या आणि दौलतरावांच्या खोलीमधली भिंत आढ्यापर्यंत गेलेली नव्हती. पाइप छपराच्या वर जेमतेम वीतभर होता. वारा आला की धूर कौलांखालून परत आत शिरायचा आणि सरळ भिंतीपलीकडं उतरायचा. दौलतराव बाहेर आले तेव्हा त्यांच्या भुवयासुद्धा राखाडी दिसत होत्या.

"उद्धवराव," ते शांतपणे म्हणाले, आणि हा माणूस शांतपणे बोलू शकतो हे मला त्या दिवशी कळलं, "मी तुम्हाला चालायला सांगितलं होतं."

त्यांनी पंचायतीत तक्रार केली. लेखी. पोस्टातला माणूस.

पंचायतीच्या कारकुनानं मला बोलावून घेतलं. तो चांगला माणूस होता, पण नियमाच्या बाहेर पाऊल टाकणारा नव्हता. "घराला परवानगी असते, विहिरीला असते, गोठ्याला असते," तो पुस्तक चाळत म्हणाला. "धुराडं... धुराडं एकाच ठिकाणी आहे. कारखान्याच्या सदरात."

"पण ही चूल आहे."

"असेल हो. पण चुलीचं सदर नाही. धुराडं आहे ना?"

"आहे."

"मग इथंच बसतं ते." आणि त्यानं ते तिथं बसवलं, आणि कागद तालुक्याला रवाना केला. मला त्यात काही धोका दिसला नाही. उलट एक काम मार्गी लागलं असं वाटलं. पंचवीस वर्षं सरकारी कागद पाहिलेल्या माणसाला एवढंही कळू नये, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

इकडं ज्योतीराम पुन्हा आले. धुराची हकीकत ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. "हां! एक सांगायचं राहिलंच. पाइप आढ्याच्या वर हातभर पाहिजे!" आणखी डबे आणले, पाइप वाढवला. आता धूर कुठल्याही खोलीत शिरत नव्हता. कौशल्या चुलीपुढं बसून भाकरी करता करता गुणगुणते, हे मी पहिल्यांदा ऐकलं. ती डोळे पूर्ण उघडे ठेवून माझ्याशी बोलत होती. रजेचं सार्थक झालं असं मला वाटलं.

फक्त ते धुराडं आता पार रस्त्यावरून दिसू लागलं.

तो काळ कसा होता ते सांगायला हवं. पिंपरीकडं नवे कारखाने येणार, आले, उभे राहतायत, याच गोष्टी सगळीकडं चालू होत्या. कोणी जमिनीत खुंटी ठोकली तरी माणसं जमायची. अशा दिवसांत तालुक्याच्या कचेरीत कागद गेला होता की कासारवाडीत धुराड्यासह एक कारखाना सुरू झाला आहे, मालक उद्धवराव. ही बातमी कागदापेक्षा लवकर परत आली.

एका सकाळी दारात फेटेवाले शेतकरी बसलेले. त्यातले गेनबा पुढं झाले. "पोरगं हाय आपलं. चौथी झालीया. लावा कामाला."

"अहो, कारखाना वगैरे काही नाही!"

गेनबा समजूतदारपणे हसले. "व्हय, व्हय. आत्ता कुनाला सांगू नगा. पर आमचं नाव ध्यानात ठेवा."

मी जितकं नाही म्हणत होतो, तितकी त्यांची खात्री पटत होती. तात्याबांनी विचारलं, घरभाडं वेगळं आणि कारखान्याचं भाडं वेगळं असतं का? दौलतराव तर स्वतः आले, झालं गेलं विसरून. "मॅनेजर लागेलच तुम्हाला. हिशेब, टपाल, शिस्त. माझा अनुभव आहे."

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण त्या दिवशी दुपारी चिमाजी कचेरीचा लिफाफा घेऊन आला, आणि या वेळी त्यानं आत पाऊलसुद्धा टाकलं नाही. लिफाफ्यात असं होतं की, वैद्यकीय रजेवर असताना आपण खाजगी उद्योग चालवत असल्याचं वृत्त आहे. सरकारी नोकरास अशी मुभा नाही, याची आपणास जाणीव असेलच. प्रांतसाहेब गुरुवारी समक्ष पाहणीसाठी येत असून खाली सही करणारेही त्यांच्यासोबत येतील. खाली सही आमच्या साहेबांची होती.

माझ्या छातीत असा काही ठोका पडला की डॉक्टरांना नळीशिवाय ऐकू आला असता. नोकरी! अठ्ठेचाळिसाव्या वर्षी नोकरी गेली तर मी करणार काय? ही खोली जाणार. कुसुमच्या सासरी काय सांगायचं? "व्याही कारखानदार होते म्हणून बडतर्फ झाले"? मी शिडी आणली आणि भिंतीला लावली.

"काय करताय?" कौशल्यानं विचारलं.

"पाइप काढतो. चूल फोडतो. गुरुवारी इथं काहीही असता कामा नये."

ती बाहेर आली आणि शिडीच्या पहिल्या पायरीवर बसली. रागानं नाही. भाजी निवडायला बसतात तशी.

"कौशल्या, ऊठ. नोकरीचा प्रश्न आहे."

"मला कळतंय."

"मग?"

"मग काय. तुम्ही चोरी केलीय का? चूल केलीय. साहेबांना दाखवा. फोडलीत तर ते म्हणतील, काहीतरी होतं म्हणूनच फोडलं." तिनं वर पाइपाकडं पाहिलं. "आणि मला परत त्या धुरात बसवत नाही हो आता. आधी बसवत होतं. आता नाही."

पंचवीस वर्षांत तिनं मला काही मागितल्याचं आठवत नाही. मी 'नाही फोडत' म्हणालो तेव्हा ती उठली, आणि मी शिडी परत तात्याबांच्या गोठ्यात नेऊन ठेवली. हे काही धैर्य नव्हतं. तोवर ती उठत नव्हती, एवढंच.

गुरुवार उजाडला. मी सकाळपासून कोट घालून बसलो होतो. सूर्य वर आला, तरी जीपचा पत्ता नव्हता. रस्त्यानं कुठलीही मोटार आली की मी उठून उभा राहायचो, आणि ती लोणावळ्याकडं निघून गेली की पुन्हा वाट पाहणं. दाराशी गेनबा आणि मंडळी स्वच्छ कपडे घालून हजर, जणू भरती आहे. कौशल्यानं सांगितलं की चूल चालू असताना दाखवायची, नाहीतर विश्वास बसणार नाही. तिनं पिठलं टाकलं, भाकरीचं पीठ मळलं.

जीप आली. प्रांतसाहेब उतरले, उंच, गंभीर, हातात फाईल. मागून आमचे साहेब. त्यांनी माझ्या नमस्काराकडं पाहिलंच नाही. मागून तालुक्याचा कारकून.

"कारखाना कुठं आहे?" प्रांतसाहेबांनी विचारलं.

मी टोपी सावरत पुढं झालो. आतून कौशल्याचा आवाज आला, "आत या की. इथंच आहे."

तिघंही वाकून स्वयंपाकघरात शिरले. मागून मी. प्रांतसाहेबांनी चुलीकडं पाहिलं, पाइपाकडं पाहिलं, फाईलमध्ये पाहिलं. "हे?"

"हो साहेब," मी म्हणालो. "बिनधुराची चूल. ग्रामसेवकांनी शिकवली. सरकारचीच योजना आहे. घरात धूर अजिबात..."

चुलीनं एक उचकी दिली. मग तोंडातून काळा लोट आला. मग बाजूच्या वैलातून. मग भिंतीच्या प्रत्येक फटीतून. खोली एका क्षणात अशी भरली की मला माझाच हात दिसेना. कोणीतरी खोकत होतं, कोणाचा तरी गुडघा माझ्या पोटात लागला, फाईल खाली पडल्याचा आवाज आला. "दार! दार कुठंय?" हा आवाज साहेबांचा.

आम्ही एकामागून एक अंगणात येऊन पडलो. प्रांतसाहेबांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मी वर पाहिलं. धुराड्याच्या तोंडावर एक गोणपाट घट्ट बांधलेलं होतं आणि ते कडेनं पेटू लागलं होतं.

"रस्त्यावरून दिसू नये म्हणून!" दौलतराव गर्दीतून ओरडले. "जीप दिसताच मीच चढवलं पोराकडून! तुमच्या भल्यासाठी!"

छपराला लागूनच तात्याबांच्या कडब्याची गंज होती. वाऱ्यानं गोणपाटाची एक ठिणगी उडाली. तात्याबा बोंबलले, "गंज! आरं माझी गंज!" गर्दी इकडं पळाली, तिकडं पळाली. शिडी गोठ्यात होती, आणि गोठ्याच्या दारात म्हैस आडवी उभी होती.

पुढं काय झालं ते मला नीट आठवत नाही. खिडकीचा गज, मग वासा, मग कौलं. दोनचार कौलं पायाखाली फुटली. मी छपरावर होतो. गोणपाटाला हात घातला, चटका बसला, तरी ओढलं, आणि पलीकडं रस्त्यावर फेकलं. खाली सगुणाबाईनं त्याच्यावर घागर उपडी केली. धुराड्यातून पांढरा धूर सरळ आकाशात गेला. मग मी खाली पाहिलं, आणि उतरायचं कसं ते मला कळेना. गेनबांनी आणि आणखी दोघांनी मला धरून उतरवलं.

समोर साहेब उभे होते. डोळे लालबुंद.

"तुम्हाला हृदयाचा त्रास आहे ना?"

"हो साहेब."

"मग वर कसे चढलात?"

"विचार करायला वेळ मिळाला असता तर चढलो नसतो, साहेब."

तेवढ्यात कौशल्या दारात आली, तोंडाला काजळी, पण पदर नीट. "धूर गेला सगळा. पिठलं झालंय. पानं वाढू का?"

प्रांतसाहेब आत डोकावले. खोली खरंच स्वच्छ झाली होती. ते पाटावर बसले. साहेबही बसले. चूल पेटलेलीच होती, भाकऱ्या उतरत होत्या, आणि कोणाच्याही डोळ्यांना आता पाणी येत नव्हतं. तिसरी भाकरी मोडताना प्रांतसाहेब म्हणाले, "कारखाना नाही हा. स्पष्ट आहे."

मी भिंतीला टेकलो.

निघताना साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "खरं सांगायचं तर तुमची रजा रद्द करायला आलो होतो. आता वाटतं, थोडे दिवस तुम्ही कचेरीपासून लांबच बरे." हा सन्मान होता की काय, ते मी विचारलं नाही.

पण एक भानगड राहिलीच. तालुक्याचा कारकून म्हणाला, नोंद एकदा झाली की खोडता येत नाही. कारखाना बंद झाला अशी दुसरी नोंद करावी लागते, आणि तिला माहिती लागते. तो ओट्यावर बसून एकेक विचारू लागला.

"कामगार किती होते?"

"एक," मी म्हणालो.

"पुरुष की स्त्री?"

"स्त्री."

"पाळ्या?"

"दोन. सकाळ, संध्याकाळ."

"आठवड्याची सुट्टी?"

मी आत तोंड करून विचारलं, "कौशल्या, सुट्टी कधी होती गं तुला?"

ती ताटं विसळत होती. तिनं खरोखर आठवून पाहिलं. "कुसुमच्या बाळंतपणाला साताऱ्याला गेले होते, तेव्हा."

"आणि तिथं स्वयंपाक कोण करायचं?"

"मीच की."

कारकून लेखणी धरून थांबला होता. "मग काय लिहू?"

त्यानंच लिहिलं, 'निरंक'.

माझी रजा अजून बरीच शिल्लक होती. तिचं काय करायचं हा प्रश्न होताच, पण त्या संध्याकाळी तो मला पूर्वीसारखा अवघड वाटला नाही. मी तिच्या भावाला नारायणगावला पत्र घातलं. कौशल्या येतेय, रजा संपेपर्यंत राहील, आणि तिला चुलीपाशी फिरकू देऊ नये, अशी वहिनींना विनंती. कौशल्या आधी हसली, मग रागावली, मग म्हणाली, "तुम्ही जेवाल काय?" मी म्हणालो, चूल माझी आहे, मीच बांधलीय, मला येईल. पिठाचा डबा, मीठ, तेल कुठं आहे ते तिनं मला तीनदा दाखवलं.

नाशिक फाट्यावर एस्.टी. उभी राहिली. मी ट्रंक वर चढवली, तिला खिडकीची जागा धरून दिली. भाजलेल्या हाताला पट्टी होती, म्हणून खाली उतरून दुसऱ्या हातानं निरोप द्यायचा असं ठरवून ठेवलं होतं. काहीतरी बोलायचंही ठरवलं होतं. तब्येतीला जप, असं काहीतरी. इतकी वर्षं झाली, या गोष्टी तोंडातून लवकर निघत नाहीत.

कंडक्टर अजून खाली चहा पीत होता. मी खिडकीपाशी गेलो.

"कौशल्या..."

तिनं खिडकीच्या गजाला डोकं टेकलं होतं. तोंड किंचित उघडं. गाडी सुटायच्या आतच तिला गाढ झोप लागली होती.